स्वयंपाकघराच्या दिशेनं

१

निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात मी सात जुने ट्रान्झिस्टर फोडले. नांदेडच्या भंगारवाल्याकडून पोत्यात भरून आणलेले. प्रत्येकाच्या पोटात एक काळी कांडी असते, फेराइटची. दिसायला लोखंडासारखी, पण हातातून पडली तर खडूसारखी मोडते. आयटीआयमध्ये तीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, की रेडिओचा कान म्हणजे वर ओढायची दांडी नव्हे, ही आतली कांडी.

अर्धापुरात आमच्या घरामागं वीरभद्रची केळी आहे. आधल्या वैशाखात त्याची भावजय शिवगंगा त्या केळीत वीज पडून गेली. आभाळ म्हणावं असं आभाळही नव्हतं. तेराव्यानंतर वीरभद्र येऊन दारातल्या ओट्यावर बसला आणि म्हणाला, "सर, तुम्ही रेडिओचे मास्तर. ही बया यायच्या आधी कळायची काहीच सोय न्हाई का?"

सोय आहे. वीज लांब कुठं चमकली तरी हवेत तिचा खरखराट पसरतो. आकाशवाणी जिथं लागते त्याच्या फार खाली, अगदी खालच्या लहरींवर. तो पकडायला मोठी कांडी लागते. म्हणून हा खटाटोप.

मध्ये एक, भोवती सहा, अशा कांड्या मी दोऱ्यानं आवळल्या. वर जाड कागदाची नळी बसवली. नळीवर मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आणलेली केसासारखी तांब्याची तार गुंडाळायला घेतली. एकाला एक लागून तीनशे वेढे. मधेच कुणी आलं की माझी मोजणी चुकायची. मग आतून लुंबिनीचा आवाज यायचा, "दोनशे चौदा." स्वयंपाक करता करता ती माझे वेढे मोजत असायची. तेहेतीस वर्षांच्या संसारात तिनं माझी अशी कितीतरी मोजणी सांभाळली होती.

पुढं एका जुन्या सेटमधला गँग जोडला, त्याचा खुंटा फिरवून हवी ती लहर धरता येते. मागं आवाज वाढवणारी सर्किटची छोटी पाटी, आणि कानाला हेडफोन.

या अँटेनाची एक खोड आहे. कांडी आडवी धरली की दोन्ही बाजूंचं ऐकते, पण तिचं टोक ज्या दिशेला करावं तिकडचं तिला ऐकू येत नाही. त्यामुळं आवाज कुठून येतोय हे शोधायचं तर तो जिथं मरतो ती दिशा बघायची.

२

पहिल्यांदा ऐकलं ते एप्रिलच्या मध्यात, भर दुपारी. रोज दोन ते चार लाईट जाते. बाकी लोक शिव्या घालतात, मला मात्र तीच वेळ हवी होती. पंखे, मोटारी, चार्जर सगळं बंद पडलं की या लहरींवर शांतता होते.

हेडफोन लावले. लांब कुठंतरी, बहुतेक तेलंगणाच्या बाजूला, विजा होत होत्या. कोरड्या पाचोळ्यावर कुणी पाय द्यावा तसा आवाज, मधेच एक, मग तीन, मग बराच वेळ काही नाही. मला फार आनंद झाला. वीरभद्रला हाक मारणार होतो, तेवढ्यात त्या पाचोळ्याच्या खालून दुसरं काहीतरी ऐकू आलं.

टुक. टुक. टुक.

सेकंदाला एक. वीज कधी ताल धरत नाही.

मी कांडी फिरवली. टोक स्वयंपाकघराकडं झालं तेव्हा आवाज मेला. कांडीला दोन टोकं असतात, म्हणून खात्रीसाठी पलीकडच्या खोलीत जाऊन पुन्हा पाहिलं. तिथूनही टोक स्वयंपाकघराकडंच.

आत लुंबिनी कणीक मळत होती. मी तिच्याकडं बघितलं आणि मला हसू फुटलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवला होता. हृदय आपलं आपण चाललं तर मशीन गप्प बसतं, मागं पडलं की ठोका देतं. तो ठोका माझ्या कांडीला ऐकू येत होता. इतक्या लांबून यावा असं मला वाटलं नव्हतं, पण सात कांड्या होत्या आणि गावात लाईट नव्हती.

तिला बोलावून हेडफोन दिले. पिठाचे हात लांब धरून तिनं डोकं पुढं केलं.

"हे मी?"

"हे तुझं मशीन."

ती बराच वेळ ऐकत राहिली. "एवढंसंच वाजतंय," ती म्हणाली. "मला वाटायचं आत कसला मोठा दणका देत असंल." मग हेडफोन काढून देत म्हणाली, "थांबलं तर तुम्हालाच आधी कळंल मग."

"थांबत नसतं ते."

"हाव, तुम्हीच बनवलंय जणू," म्हणून ती हसत आत गेली. टुक टुक तिच्याबरोबर गेलं.

नंतर मी हेडफोनच्या जागी एक छोटा स्पीकर लावला. दुपारी मी विजा ऐकायचो, आणि विजांच्या खाली ती घरभर फिरताना ऐकू यायची. जिना चढली की हृदय पळायचं, मशीन गप्प व्हायचं. गच्चीवरून खाली येऊन टेकली की पुन्हा सुरू. ते ऐकताना मला बरं वाटायचं, हे इथं सांगून ठेवतो.

३

आमची मुलगी धम्मप्रिया लातूरला असते. तिचे दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून बजावलं होतं. त्यामुळं पोरगी माहेरी यायच्या ऐवजी आईच तिकडं निघाली. चोवीस एप्रिलला सकाळी साडेनऊला मी लुंबिनीला नांदेडच्या स्टँडवर लातूरच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून तिनं डाळीच्या डब्याबद्दल काहीतरी सांगितलं. गाडी हलल्यामुळं मला ऐकू आलं नाही.

घरी आलो. सकाळच्या दोन पोळ्या होत्या त्या खाल्ल्या. दोनला लाईट गेली. सवयीनं स्पीकर लावला.

टुक. टुक. टुक.

पहिल्यांदा मला काहीच वाटलं नाही. तो आवाज कानाला इतका घरचा झाला होता. मी खुंटा थोडा फिरवला, विजा नीट लावल्या, वहीत वेळ लिहिली. मग हात थांबला.

कांडी फिरवली. टोक स्वयंपाकघराकडं. पलीकडच्या खोलीतून पाहिलं. स्वयंपाकघर.

उठून आत गेलो. ओटा पुसलेला, डबे रांगेत, माठावर झाकण. खिडकीतून केळीच्या पानांची सावली फरशीवर हलत होती. मी तिथं उभा असताना बाहेरच्या खोलीतल्या स्पीकरचा आवाज बारीक होत गेला. परत येऊन कांडी लावली. आता टोक मागच्या दाराकडं होत होतं. नंतर अंगणाकडं, जिथं लुंबिनी दुपारी वाळवण उलटंपालटं करायची.

चारला लाईट आली. सगळ्या लहरींवर गुरगुर सुरू झाली आणि त्यात काही ऐकू येईना.

४

मी भुताखेताला मानणारा माणूस नाही. माझे वडील केरबा यांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातल्या देव्हाऱ्याबरोबर भुतंही बाहेर काढली, असं ते स्वतःच सांगायचे. बैठकीत बुद्धाची मूर्ती आहे, वर बाबासाहेबांचा फोटो आहे. त्या फोटोखाली बसून मी कागदावर कारणं लिहून काढली.

इन्व्हर्टर. त्याच्या वायरी काढून टाकल्या, आवाज होताच. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. मोबाईल बंद केला. गॅसचा लायटरसुद्धा वीरभद्रच्या घरी नेऊन ठेवला. वीरभद्रच्या शेताच्या कुंपणाला झटक्याची तार आहे, तीही सेकंदाला एक झटका देते. हे कारण आठवलं तेव्हा मी मोठ्यानं "हात्तिच्या!" म्हणालो. पळत गेलो आणि त्याला तासभर ते मशीन बंद ठेवायला लावलं.

"सर, काय लागलं का हाताला?" वीरभद्रनं विचारलं.

"बघून राहिलोय," मी म्हणालो.

घरी आलो तर ते चालू होतं. स्वयंपाकघरात.

त्यानंतर मी फक्त वेळा लिहीत गेलो. सव्वादोन, ओटा. अडीच, अंगण. तीन वाजता खाटेशेजारची भिंत, जिथं ती पाठ टेकून वर्तमानपत्र वाचायची. पावणेचारला चहाची वेळ, पुन्हा ओटा. या वेळा मला वहीत बघाव्या लागल्या नसत्या.

तीस तारखेला दुपारी ती खाटेशेजारच्या भिंतीला होती. 'ती' लिहिलं बघा. मी त्या दिवसापर्यंत 'ते' म्हणत होतो. तेवढ्यात फोन वाजला. लुंबिनीच होती, दवाखान्यातून. धाप लागेपर्यंत बोलत होती.

"अहो, नात झाली. अडीच किलोची. लई केस हायत डोक्याला. धम्मप्रिया चांगली हाय. तुम्ही ऐकून राहिलाव ना?"

"ऐकतोय," मी म्हणालो. एका कानाला तिचा आवाज होता. दुसऱ्या बाजूला, चार हातांवर, टुक, टुक, टुक.

"बोलत का न्हाई? रडायला लागले का काय?"

मी रडत होतो हे खरंच होतं.

५

दोन मेला मी लातूरला गेलो. घराची किल्ली वीरभद्रच्या बायकोकडं, दानम्माकडं दिली आणि कढीपत्त्याला, मोगऱ्याला पाणी घालायला सांगितलं. कांडी टॉवेलात गुंडाळून पिशवीत घेतली.

नात बघितली. तिची मूठ माझ्या बोटाभोवती बसली तेव्हा गेले आठ दिवस पुसले गेले असं वाटलं. धम्मप्रियाच्या घरी दुपारी सगळे आडवे झाले. लुंबिनी बाळाशेजारी झोपली होती. नशिबानं तिथंही लाईट गेली. मी पिशवीतून कांडी काढली, हेडफोन लावले आणि तिच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर धरली.

लांबच्या विजा ऐकू आल्या. बाकी काही नाही.

कांडी फिरवली, खुंटा फिरवला. दहा मिनिटं बसून राहिलो. तिची छाती वरखाली होत होती. मनगट धरून पाहिलं, नाडी चांगली होती. तिनं डोळे उघडले. "काय झालं?"

"काही नाही. झोप."

दुसऱ्या दिवशी तिची नेहमीची तपासणी होती. नांदेडच्या डॉक्टरांनी लातूरच्या एका हृदयाच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं होतं. त्यांनी तिच्या खांद्यावर एक चकती ठेवली आणि पडद्यावरच्या ओळी बघितल्या. मशीन सगळी नोंद ठेवतं. डॉक्टर तरुण होते, खूश होऊन माझ्याकडं वळले.

"बघा काका, चोवीस एप्रिलपर्यंत शंभरातले ऐंशी ठोके मशीन देत होतं. त्यानंतर एकही नाही. गरजच पडलेली नाही. यांचं हृदय आपलं आपण चाललंय."

"असं होतं?" मी विचारलं.

"क्वचित होतं. झालं तर चांगलंच की."

"चोवीस तारखेला किती वाजता?"

त्यांना प्रश्न विचित्र वाटला असावा, तरी त्यांनी बघितलं. "सकाळी. साडेनऊच्या सुमाराला."

बाहेर आल्यावर लुंबिनी म्हणाली, "नातीचा पायगुण." धम्मप्रियानं पेढे मागवले. मीही एक खाल्ला.

६

चार तारखेला परत आलो. दानम्मा किल्ली द्यायला आली ती दारातच उभी राहिली.

"वहिनी कधी आल्या?"

"आली नाही. अजून आठ-पंधरा दिवस आहे ती तिकडं."

दानम्मानं माझ्याकडं बघितलं. मग खाली बघितलं. "काल दुपारच्याला पाणी घालाया आले. आत पोळपाट वाजत व्हता. मला वाटलं वहिनीच. हाक मारली, वहिनी, नात कशी हाय? तर लाटायचं थांबलं."

"मग?"

"मग काय न्हाई. थांबलंच. मी पाणी तसंच ठिवून फिरले."

"वर टीव्ही चालू राहिला असेल."

"लाईट कुठं व्हती, सर?" ती म्हणाली आणि किल्ली कठड्यावर ठेवून गेली.

मी स्वयंपाकघरात जाऊन पोळपाटावरून हात फिरवला. कोरडा होता, स्वच्छ होता. यातून काहीच सिद्ध होत नाही. दानम्मा शिवगंगा गेल्यापासून घाबरीघुबरी असते, हे वीरभद्रनंच सांगितलं होतं. केळीची पानं वाऱ्यानं एकमेकांवर घासली की असे आवाज येतात. डॉक्टर म्हणाले तसं क्वचित होतं. प्रत्येक गोष्टीला एक कारण होतं. फक्त ती सगळी कारणं एकाच घरात राहात नव्हती.

त्या दुपारी मी पहिल्यांदा बोललो. स्पीकर लावला, ती ओट्याशी आहे हे पाहिलं आणि बैठकीतूनच म्हणालो, "लुंबिनी."

टुक टुक थांबलं नाही. पण जवळ आलं. दाराच्या चौकटीपर्यंत आलं आणि तिथं राहिलं. मी चौकटीकडं बघत होतो. तिथं दुपारचं ऊन होतं, दुसरं काही नव्हतं. तरी मी पाय वर घेऊन बसलो, लहान पोर बसतं तसा.

संध्याकाळी लातूरला फोन केला. "अजून महिनाभर राहा तिकडंच."

"का?"

"ऊन फार आहे इथं."

"लातूरला काय बर्फ पडायलाय का?" लुंबिनी म्हणाली. "धम्मप्रियाच्या सासूबाई आल्यात आता. मला माझं घर न्हाई का?"

"मी सांगतो म्हणून राहा."

ती मग हसून म्हणाली, "मी न्हाई तर कुणाला आणून ठिवलंय का काय घरात?"

मला हसता आलं नाही. हसलो असतो तर तिनं ते सोडून दिलं असतं. न हसल्यामुळं ती दुखावली. "बारा तारखेला येते," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी त्यानंतर तीनदा फोन केला. काय सांगणार होतो? की घरी येऊ नकोस, कारण तू इथंच आहेस?

७

बारा मेला दुपारी पावणेतीनला ती आली. फाट्यावरून वीरभद्रनं तिला मोटारसायकलवर आणून सोडलं. लाईट नव्हती. स्पीकर टेबलावर चालू होता. मी तो बंद करणार होतो. पण बंद केला असता तर घरातली ती कुठं आहे हे मला कळलं नसतं.

लुंबिनी दारात आली. बॅग खाली ठेवली, चपला काढल्या. उन्हानं चेहरा लाल झाला होता. माझ्यावरचा राग तिनं वाटेतच कुठंतरी टाकून दिला होता.

"अहो, नाव ठरलं," ती म्हणाली. "महामाया. मी सुचवलं आन जावईबापू लगेच हो म्हणाले. आता काय करायलीय माहिताय? मी अंगाई म्हणायचं थांबले की डोळे उघडते. येताना मला सोडंना. माझा पदर एवढा घट्ट धरला पोरीनं..." तिनं पदराचं टोक मुठीत धरून दाखवलं. डोळे भरून आले होते. मी तिला इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं, आमच्या लग्नातसुद्धा नाही.

टेबलावर टुक टुक चाललं होतं. कांडी ओट्याकडं टोक करून नव्हती, म्हणून आवाज स्पष्ट होता. विजांच्या खरखरीत आणि बोलण्याच्या नादात लुंबिनीचं तिकडं लक्ष गेलं नाही.

"पाणी पिते आधी," ती म्हणाली.

"थांब. मी आणतो." मी उठलोच.

"बसा हो. पंधरा दिवसांनी आले तर माझ्या घरात मला पाणी न्हाई घेता येत का?" माझ्या खांद्यावर हात ठेवून तिनं मला खाली बसवलं. हात गरम होता. ती आत गेली.

मी उठू शकलो असतो. हे मी स्वतःला रोज सांगतो. तीन पावलांचं अंतर होतं.

माठावरचं झाकण उचलल्याचा आवाज आला. मग पेला. मग स्पीकर गप्प झाला.

विजासुद्धा नव्हत्या. काहीच नव्हतं. मी मोजायला लागलो, कारण मला दुसरं काही सुचलं नाही. तीस. एकतीस. आतून पाणी प्याल्याचा आवाज नाही, पेला ठेवल्याचा नाही, कुणी बोलल्याचा नाही. फक्त बांगड्या एकदा वाजल्या. एका हातात जितक्या असतात त्यापेक्षा जास्त वाटल्या, पण मी तेव्हा मोजण्यात होतो. एकोणचाळीस. चाळीस.

टुक. टुक. टुक.

"लुंबिनी," मी हाक मारली.

"आले आले."

ती पदराला हात पुसत बाहेर आली. हातांना मनगटापर्यंत कणीक लागली होती. अंगावर साडी कोणती होती ते मी पाहिलं नाही. खरं सांगायचं तर पाहायचं टाळलं. चेहरा तिचाच होता. घामेजलेला, शांत, घरातल्या रोजच्या दुपारसारखा. तो मघाचा उन्हाचा लाल रंग त्यावर नव्हता.

तिनं दाराजवळची बॅग बघितली. "काढली का बॅग? चांगलं केलं," ती म्हणाली. "पोरीचे दिवस भरत आले. लातूरला कधी निघायचं मी?"

 तेवढ्यात फोन वाजला. धम्मप्रिया होती. मी तो कानाला लावला, पण तिचा आवाज नेहमीच मोठा असतो, सगळ्या खोलीला ऐकू जातो.

"पप्पा, आई पोचली का?"

तिच्या मागं बाळ रडत होतं. कुणीतरी थोपटत होतं, तरी ते थांबत नव्हतं.

लुंबिनी जवळ आली. फोनकडं कान करून ऐकू लागली, आणि ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. अनोळखी लेकरू बघून कुणालाही येतं तसं.

"कुणाचं हो?" तिनं हळूच विचारलं. "जीव तोडून रडतंय बिचारं."

"पप्पा, आवाज येतोय ना?" धम्मप्रिया म्हणाली. "आई पोचली का घरी?"

लुंबिनीनं कणकेचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि माझ्या उत्तराची वाट बघू लागली. स्पीकरमधला ठोका आता अगदी जवळून, रोज दुपारी यायचा तसाच, बिनचूक येत होता.

"हाव," मी फोनमध्ये म्हणालो. "पोचली."